चौकहून आणलेलं धुकं

मी चौकला धुकं आणायला गेले होते. वाटेत कुणी विचारलं असतं, "काय आजी, पिशवी घेऊन कुठं?" तर हेच सांगणार होते. विचारणाऱ्याने घरी जाऊन म्हटलं असतं, म्हाताऱ्याचं ऐकून होतो, आता म्हातारीही कामातून गेली. पण कुणी विचारलं नाही. भाद्रपदातला कंटाळलेला पाऊस होता. पडतोय म्हणावं तर पडत नाही, थांबला म्हणावं तर छत्री मिटता येत नाही. शेअर रिक्षातली माणसं आपापल्या चिखलाच्या चपलांकडे बघत बसली होती. माझ्या पिशवीत, जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळलेलं, कॉम्प्युटरचं एक मेलेलं ग्राफिक्स कार्ड होतं. त्याच्याच वयाचं, पण जिवंत असलेलं दुसरं शोधायचं होतं.

आमचे हे भिवपुरीच्या पॉवरहाऊसमध्ये ऑपरेटर होते. उभा जन्म पाळ्यांत गेला. काचेमागच्या काट्यांकडे बघत बसायचं, काटा हलला की उठायचं, नाही हलला की बसून राहायचं. मी कर्जतच्या एका शाळेत मराठी शिकवायची. नोकऱ्या संपल्यावर क्वार्टर सोडलं आणि तिथून जवळच यांच्या गावात दोन खोल्या बांधल्या. आणि मग यांना विसरण्याचा आजार लागला. आधी चष्मा विसरले, मग शेजाऱ्यांची नावं, मग जेवण झालंय की व्हायचंय ते. दिवसभर तसे गप्प असतात. पण तिन्हीसांजेला दिवे लागले की उठतात, शर्टाची बटणं वरखाली लावतात आणि दाराकडे निघतात.

"सेकंड शिफ्ट हाय. निघतो."

श्रावणात एकदा मी आमटीला फोडणी देत होते तेवढ्यात निघालेच. सगळं गाव धुंडाळलं. शेवटी सापडले ते पॉवरहाऊसमधून सुटलेलं पाणी ज्या कालव्याने जातं, त्याच्या काठावर. एका पायात चप्पल, एक पाय उघडा, आणि वाडीवरची एक बाई गवताचा भारा खाली टाकून यांचा दंड घट्ट धरून उभी. हे शांतपणे पाण्याकडे बघत होते. मला म्हणाले, "पाणी कमी सोडलंय. बघायला पाहिजे." कालवा तुडुंब भरून वाहत होता.

त्यांना संध्याकाळी घरात बसवून ठेवणारी जगात एकच गोष्ट होती. कॉम्प्युटरवरचा एक जुना खेळ.

तो खेळ घरात कसा आला हे सांगायचं तर एका बाईंची ओळख करून द्यावी लागेल. त्या म्हणजे मीच, पण पंचवीसेक वर्षांपूर्वीची. त्या बाईंना शाळेने कॉम्प्युटरच्या प्रशिक्षणाला पाठवलं होतं. मशीन चालू करता यायचं, बंद करता यायचं नाही, एवढ्या भांडवलावर त्या सगळ्या स्टाफरूमला व्याख्यानं देत. मग मुलीच्या अभ्यासासाठी म्हणून त्यांनी घरात कॉम्प्युटर आणला. त्या खोलीत चपला घालून यायचं नाही. खोकायचं असेल तर बाहेर जाऊन खोकायचं. आणि बाईंच्या घरात फ्रिजच्या मुठीलासुद्धा झालर होती, तर कॉम्प्युटर उघडा कसा राहणार? त्यांनी त्याच्या डब्याला क्रोशाचं कव्हर विणलं. गुलाबी, कडेला मोर. ते कव्हर मशीन चालू असतानाही काढायचं नाही असा नियम होता, कारण धूळ.

पहिल्याच मे महिन्यात स्क्रीन काळी झाली. दुरुस्तीला आलेल्या माणसाने ते कव्हर दोन बोटांनी उचललं आणि भर उन्हाळ्यात बाळाला कानटोपी घालणाऱ्या आईकडे बघावं तसं बाईंकडे बघितलं. आत चित्र काढायचं जे कार्ड असतं ते भाजून निघालं होतं. बाई म्हणाल्या, "म्हणजे मालच खराब होता." हे पलीकडे पेपर वाचत होते. पेपर हलायला लागला. हसत होते.

नवं कार्ड आणलं, आधीच्यापेक्षा चांगलं. त्याच्या खोक्यात साडीवर ब्लाउजपीस यावा तशी एक फुकट सीडी होती. सीडीत खेळ होता. मुलीला तो आवडला नाही, बाईंना खेळ या गोष्टीचाच राग. राहिले हे. फुकट मिळालेली वस्तू वाया कशी घालवायची म्हणून यांनी तो लावला आणि त्यात जे बसले ते बसलेच.

खेळ असा. परदेशातला कुठलासा थंड, ओसाड डोंगर. एक टपालाची गाडी. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत ठरलेल्या वेळात न्यायची. पण सगळीकडे धुकं. समोर चार हात रस्ता दिसायचा. धुक्यातून एखादं झाड पुढे यायचं, गाडीजवळून जायचं आणि परत धुक्यात. बस्स. दुसरं कुणी नाही. हे गाडी बैलगाडीसारखी हळू चालवायचे आणि प्रत्येक वळणावर हॉर्न द्यायचे. समोरून कधी काही यायचं नाही, तरी द्यायचे. अर्ध्या रस्त्यात वेळ संपायचा, लाल अक्षरं यायची, गाडी थांबायची. हे परत पहिल्यापासून.

"अहो, काहीच दिसत नाही त्यात," बाई म्हणायच्या. "आणि दर वेळी नापास होता!"

"ड्युटीवर आठ तास सगळं बघतच असतो," हे म्हणायचे. "इथं न बघता जरा बरं वाटतं."

बाई पुढे निवृत्त झाल्या, मुलगी शिकून पुण्याला गेली, मोराचं कव्हर पायपुसणं झालं, पण तो डबा आणि तो खेळ राहिला. आजार आल्यावर तर तोच आधार झाला. दिवे लागायच्या आधी मी मशीन चालू करायचे. हे खुर्चीत बसायचे. बाकी सगळं विसरलेला माणूस, पण बोटांना गाडी यायची. जेवायच्या वेळेपर्यंत आमच्या घरातून हॉर्न ऐकू यायचे आणि शेजारीण ओळखायची, आज आजोबा घरात आहेत.

श्रावण संपता संपता स्क्रीनवर रेघा आल्या. हिरव्या, जांभळ्या, सोलापुरी चादर अंथरल्यासारख्या. दुसऱ्या दिवशी तेवढ्याही आल्या नाहीत.

मुलगी आठवड्याची रजा काढून आली. सोबत नवा कॉम्प्युटर. "आई, हा इतका पॉवरफुल आहे की बाबांचा खेळ याला चणेफुटाणे. लोण्यासारखा चालेल बघ." कुठून कुठून काय काय उतरवून तिने तो जुना खेळ त्यात बसवला. आणि खरंच, गाडी लोण्यासारखी चालली. कुठे अडकणं नाही, झाड पुढे येताना थरथरणं नाही.

फक्त धुकं नव्हतं.

इतकी वर्षं त्या धुक्यामागे काय होतं ते आम्ही तिघांनी पहिल्यांदा बघितलं. काही नव्हतं. डोंगर पुठ्ठ्यातून कापल्यासारखे, मागून पोकळ. झाडं थोड्या अंतरावर एकदम उगवत होती, जमिनीतून नाही, हवेतून. आणि रस्ता पुढे जाऊन चाकूने कापल्यासारखा संपत होता, त्याच्या पलीकडे एक राखाडी रिकामेपणा. गाडी पुढे गेली की रस्ताही तुकड्या तुकड्याने पुढे वाढत होता, पण यांना ते कसं कळणार? यांनी बोटं उचलली.

"पुढं रस्ता नाय."

"आहे बाबा, तुम्ही चला तर खरं, होतो तो पुढे," मुलगी म्हणाली.

"नाय म्हणतो ना. मानसं मरतील." ते उठले. शर्टाचं बटण शोधायला लागले.

मुलीने दोन दिवस त्या मशीनशी झटापट केली. कधी धुकं यायचंच नाही, कधी सगळी स्क्रीन पिठासारखी पांढरी. मग तिने मला समजावलं. त्या काळच्या कार्डांची धुकं काढायची स्वतःची एक रीत होती, नव्या कार्डांनी ती सोडून दिली. आणि ते धुकं काही शोभेचं नव्हतं. तेव्हाच्या मशीनमध्ये लांबचं चित्र काढायची ताकद नसायची, म्हणून जिथे चित्र संपायचं तिथे धुकं सोडून द्यायचे. "आता गरज नाही ना आई. आता शेवटपर्यंत सगळं दिसतं."

मला यांचा डॉक्टर आठवला. मोठा हुशार माणूस. टेबलावर कागद घेऊन त्याने मला पुढचं सगळं स्वच्छ सांगितलं होतं. आधी काय जाईल, मग काय जाईल, गिळणं कधी जाईल. त्याच्यातही नवं कार्ड असणार.

दोन्ही संध्याकाळी हे निघाले. पहिल्या दिवशी मुलीने दाराला कडी घातली, तर हे दारावर थापा मारत राहिले, "पहिल्या पाळीवाला थांबलाय रं, सोडा!" आवाज फाटेपर्यंत. दुसऱ्या दिवशी तिला ढकललं. तिचं कोपर उंबऱ्यावर आपटलं. हळद लावायला मी तिचा हात धरला तेव्हा ती म्हणाली,

"आई, पुण्यात आमच्याजवळ एक सेंटर आहे. अशाच लोकांसाठी. चोवीस तास माणसं असतात."

"आणि मी?"

"तू माझ्याकडे. रोज जाऊ भेटायला."

"ते मला रोज विचारतील, घरी कधी जायचं."

"आई, ते कालव्यात गेले तर?"

मी हळदीची वाटी उचलून ठेवली. एरवी माझ्याकडे सगळ्याला उत्तर असतं, शेजारणीला विचारा. शेवटी असं ठरलं की रविवारी ती परत जायची, तोवर हे संध्याकाळी घरात बसायला लागले तर बसले, नाहीतर रविवारी तिच्या गाडीतून जायचं. तिने यांची बॅग माळ्यावरून काढून पुसून ठेवली. भिंतीला टेकून उभी राहिली ती बॅग, पाहुण्यासारखी.

जुन्या डब्यातलं बाकी सगळं ठीक होतं, कार्ड तेवढं मेलं होतं. मुलीने ते काढून दिलं, आणि मुलीला यांच्यापाशी बसवून मी चौकला गेले.

चौक म्हणजे जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचं गाव. ढाबे, गॅरेज, टायरवाले, आणि त्यांच्यामागे भंगाराची दुकानं. बंद पडलेल्या ऑफिसांचे, सायबर कॅफेंचे कॉम्प्युटर तिथे ढिगाने येतात असं आमच्या वायरमनने सांगितलं होतं. ताडपत्रीखाली ढीग होता खरा. दुकानदार पोट सुटलेला, केस पिकायला लागलेले. मी साडीचा तुकडा उलगडून कार्ड पुढे केलं.

"असलंच पाहिजे. याच खाचेचं. चालणारं."

त्याने कार्डाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "जयभीम, बाई. वळखलं नाय?"

निवृत्त मास्तरणीचं हे एक असतं. आसपास कुठेही जा, कुणीतरी ओळखतंच, आणि ते कशासाठी ओळखतं ते आधी सांगता येत नाही.

"कुठल्या वर्षीचा रे तू?"

"वर्ष र्‍हाऊ द्या. शाळा बुडवून व्हिडिओ गेम खेळाया गेलतो, तवा तुमी आमाला झेंड्याच्या खांबाजवळ उनात उभं केलंतं. म्हनालात, गेम खेळून कुनाचं भलं झालंय का?"

"बरोबरच म्हणाले होते. बघ, भंगारात बसलायस."

तो खो खो हसला. "आनि तुमी गेमचं कार्ड शोधत भंगारात आलायसा! कुनासाठी ओ, नातवासाठी?"

"माझ्यासाठी. म्हातारपणी वाया गेलेय." एवढं म्हणाले आणि कार्ड परत साडीच्या तुकड्यात गुंडाळायला लागले. त्याचं हसणं थांबलं. त्याने स्टूल पुसून दिलं. मग मी सांगितलं, थोडक्यात. तो ढिगातले डबे ओढून उघडायला लागला. एकात पालीचा सांगाडा निघाला, एकात उंदराने केलेलं घर. सारख्या खाचेची काही कार्डं त्याने बाजूला काढली.

"चालनार का नाय ते मी नाय सांगू शकत, बाई. समदी घेऊन जावा. नाय चालली तर परत आना. चाललं तर बी सांगा."

घरी येऊन जमिनीवर फडकं पसरलं आणि बसले. कार्डाच्या सोनेरी दातांवर काळं चढलं होतं. मुलगी म्हणाली, हे साध्या खोडरबराने निघतं. शाळा सोडून इतकी वर्षं झाली, तरी माझ्या पेनांच्या डब्यात खोडरबर होताच. घासत बसले. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका खोडायला सांगत आले, आता स्वतः खोडत होते. हे पलंगावरून बघत होते. "काय करतीयास?" "दात घासतेय," मी म्हटलं. त्यांना ते पटलं.

काही कार्डांवर काहीच आलं नाही. एकावर चादर आली. मग एकावर खेळ सुरू झाला आणि पुठ्ठ्याच्या डोंगरांवर हळूच धुकं उतरलं. मुलीने माझा खांदा दाबला. पण गाडी धक्के देत चालत होती. दोन पावलं जायची, थांबायची, एकदम उडी मारायची. हे खुर्चीवर येऊन बसले, बघितलं, आणि चिडले. "क्लच गेलाय हिचा." परत दाराकडे. त्या संध्याकाळी त्यांना धरून ठेवताना आम्ही तिघंही रडकुंडीला आलो.

सकाळी मी डबा उघडून बघितलं तर कार्डावरचा इवलासा पंखा जागेवर कण्हत होता, फिरत नव्हता. धुळीचं बूच बसलेलं. मशीन बंद करून टूथब्रशने ते काढलं आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब मध्ये सोडला. डब्याचं झाकण उघडंच ठेवलं आणि टेबलफॅन त्याच्यावर रोखला. कव्हरवाल्या बाई बघत्या तर त्यांना चक्कर आली असती. मुलीने जुन्या सीडीतला, कार्ड चालवायचा प्रोग्राम परत बसवला, कारण तिने नेटवरून घेतलेला नवा त्या कार्डाला पेलत नव्हता म्हणे. आणि गाडी चालली. मऊ, संथ, पूर्वीसारखी. झाड धुक्यातून आलं, जवळून गेलं, मागे धुक्यात मिटलं.

तो शनिवार होता. दिवे लागायच्या आधी यांना खुर्चीत बसवलं. पुढे गाडी उभी, समोर चार हात रस्ता आणि धुकं.

हे बघत राहिले. चेहरा सैल झाला, खांदे उतरले. दाराकडे बघितलं नाही. मी आणि मुलगी मागे उभ्या. पण गाडी हलेना. त्यांनी हात कीबोर्डवर ठेवले, बोटं इकडेतिकडे फिरवली आणि परत मांडीवर घेतली. मग उलटीसुलटी करून बघितली, दुसऱ्याच कुणाचे हात असल्यासारखी. मधल्या त्या थोड्या दिवसांत बोटंही विसरली होती. धुकं परत आलं होतं, गाडी परत आली होती, चालवणारा नव्हता.

मुलगी हळूच म्हणाली, "आई, आपण प्रयत्न केला." तिची नजर बॅगेकडे गेली.

तेवढ्यात यांनी शेजारच्या स्टुलाकडे हात केला. माझ्याकडे बघत म्हणाले, "बस गं. तू चालव. मी हाय बाजूला."

मी बसले. आयुष्यात तो खेळ खेळले नव्हते. कुठलं बटण दाबायचं ते मुलीने मागून दाखवलं. गाडी निघाली आणि सरळ झाडावर आपटली.

"नवीन हायस?" यांनी विचारलं.

"हो."

"हळू. कोन मागं लागलंय?" थोड्या वेळाने, "कुठल्या गावची?"

मी गाडी परत रस्त्यावर घेतली. "खालापूरकडची."

"माजी बायको बी तिकडचीच," ते म्हणाले. "मास्तरीन हाय. लय बोलते." आणि मग, वळण आलं तसं, "हॉर्न दे."

मी हॉर्न दिला.

लग्न झाल्यावर त्या बाईंनी यांचं 'हाय' आणि 'नाय' मोठ्या चिकाटीने सुधारलं होतं. पुढे मुलीच्या शाळेत जायचे तेव्हा हे अगदी पुस्तकासारखं बोलत. आजारात सगळ्यात आधी जे गेलं त्यात बाईंची ती मेहनत होती. आता वाटतं, बरं झालं.

मुलगी रविवारी एकटीच गेली. बॅग तिने परत माळ्यावर टाकली, पण पार मागे नाही, हाताला येईल अशी. "दिवाळीपर्यंत बघू," म्हणाली. मी होकार दिला. दिवाळीनंतरचं दोघींनीही काढलं नाही. चौकच्या दुकानदाराला फोन करून सांगितलं, चाललं. बाकीची कार्डं मी परत नेऊन दिली. धुकं येणारं अजून एक त्यात सापडलं ते तेवढं ठेवून घेतलं. तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलंय, दमट हवेने जाऊ नये म्हणून. तेही किती दिवस पुरेल? दोघांतलं आधी कोण दगा देईल, कार्ड की हे, असा एक घाणेरडा हिशेब मनात येतो आणि मी भाजी चिरायला घेते.

रोज संध्याकाळी मी मशीन चालू करते, झाकण उघडं ठेवते, टेबलफॅन लावते. मोराच्या कव्हराचं पायपुसणं अजून त्या खुर्चीखाली आहे. यांचे पाय त्यावर असतात. मी गाडी चालवते, वाईट चालवते. अर्ध्या रस्त्यात वेळ संपतो, लाल अक्षरं येतात, मी नापास होते. हे म्हणतात, "होतं असं नव्या मानसाचं," आणि आम्ही परत पहिल्यापासून निघतो. माझं नाव त्यांनी अजून विचारलेलं नाही. मीही सांगितलेलं नाही. बायकोबद्दल मात्र कधीकधी बोलतात. ती रागावेल म्हणतात, उशीर झाला तर.

काल मधेच पुढे झुकले आणि डोळे बारीक करून बघायला लागले.

"दिसतंय काय पुढं?"

"नाय," मी म्हटलं.

"मंग हॉर्न दे."